रक्षक पेशींतील मेद आणि शरीरातील दाह

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात विश्वस्त मंडळाचे निवेदन, जमाखर्चाची पत्रके आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एक आरोग्यविषयक अभ्यासलेख देण्याचा प्रघात आम्ही आजवर पाळत आलो आहोत. प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी काहीसा दूरचा वाटेल. आपल्या शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या पोटात चरबी साठवतात, आणि ती किती साठते व कशी खर्ची पडते यावर शरीरातील दाह वाढणार की शमणार हे बऱ्याच अंशी ठरते, हा तो विषय होय. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकाचे अधिकृत ज्ञान आमच्यापाशी नाही. तथापि रुग्णालयाच्या प्रशासनात इतकी वर्षे काढल्यावर काही प्रश्न मनात घर करून राहतात, आणि आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांना विचारून, त्यांनी सुचविलेले वाचन करून जे उमगले ते वाचकांसमोर ठेवीत आहोत.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. आमच्या लेखा विभागातील एक ज्येष्ठ हिशेबनीस, अंगाने सडपातळ, निर्व्यसनी आणि वेळेचे पक्के. नव्या चपलेने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागले. साधी जखम; चार दिवसांत भरेल म्हणून त्यांनी हळद लावली आणि कामावर येत राहिले. तीन आठवडे लोटले तरी जखम भरेना, उलट बोट काळवंडू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले तेव्हा ते आम्हाला हसून म्हणाले, ‘‘साहेब, मी हा असा काटकुळा, मला कसली साखर?’’ तपासणीचा अहवाल आला आणि हसणे थांबले. मधुमेह नुसता होता असे नव्हे, तर बरीच वर्षे होता. अंगठा वाचविता आला नाही. ज्यांची खुर्ची रुग्णालयाच्या प्रयोगशाळेपासून तीस पावलांवर होती, त्यांचे रक्त इतक्या वर्षांत एकदाही तपासले गेले नव्हते. हा दोष त्यांचा नव्हे, आमचा. बारीक माणसाला तपासणीची गरज नाही, हा समज आम्हीही मनात बाळगून होतो. तो समज चुकीचा का, याचे उत्तर शोधता शोधता आम्ही या पेशींपर्यंत येऊन पोहोचलो.

दाह म्हणजे काय?

काटा रुतला की त्या जागी लाली येते, ती जागा गरम होते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. यालाच आपण दाह म्हणतो. दाह हा मुळात रोग नसून शरीराची संरक्षणव्यवस्था आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

या व्यवस्थेतील मुख्य शिपाई कोण, हे १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांच्या लक्षात आले. तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांना त्यांनी बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहता त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. परकी वस्तू गिळून टाकणाऱ्या या पेशींच्या कार्याला त्यांनी भक्षणक्रिया मानले, आणि या संशोधनाबद्दल १९०८ साली पाउल एर्लिक यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींतील मोठ्या पेशींना आपण ‘महाभक्षी पेशी’ म्हणू. त्या जंतू गिळतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, रासायनिक संदेश धाडून इतर पेशींना बोलावून घेतात आणि काम संपले की जखम भरून काढण्यासही हातभार लावतात. म्हणजे आग लावणे आणि विझवणे ही दोन्ही कामे एकाच कामगाराकडे आहेत. कोणते काम केव्हा करावयाचे हे ठरते कशावर, हा खरा प्रश्न होय.

पेशीचे इंधन आणि तिचा स्वभाव

गेल्या काही दशकांत असे ध्यानात आले की, पेशी कोणते इंधन कसे जाळते याचा तिच्या वर्तनाशी निकटचा संबंध आहे. पेशीपुढे मुख्यत्वे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग साखर झटपट फोडण्याचा. यात प्राणवायू लागत नाही, काम वेगाने होते. पण ग्लुकोजच्या एका रेणूमागे पेशीला ऊर्जेच्या चलनाचे, म्हणजे ए.टी.पी.चे, निव्वळ २ रेणू हाती लागतात. दुसरा मार्ग तंतुकणिकांमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने सावकाश ज्वलन करण्याचा. यात त्याच ग्लुकोजपासून सुमारे ३० रेणू मिळतात आणि मेदाम्लेही येथेच जाळली जातात. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिला मार्ग तातडीच्या रोख खर्चाचा आणि दुसरा मुदत ठेवीच्या व्याजाचा.

जंतूंची चाहूल लागून महाभक्षी पेशी खवळली की ती पहिल्या मार्गाकडे वळते. याउलट दुरुस्तीच्या कामाला लागलेल्या पेशी बहुधा तंतुकणिकांतील ज्वलनावर, त्यात मेदाच्या ज्वलनावरही, अधिक विसंबून असतात. प्रारंभी शास्त्रज्ञांनी या पेशींचे असे दोन सरळ गट पाडले होते. पुढील संशोधनाने ही विभागणी इतकी काटेकोर नसल्याचे दाखविले आहे. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत. तरीही मूळ मुद्दा टिकून आहे. इंधनाचा मार्ग बदलला की पेशीचे वर्तन बदलते.

खवळलेल्या पेशीत आणखी एक गोष्ट घडते. तंतुकणिकांतील ज्वलनाचे चक्र मध्येच तुटल्यासारखे होते. त्यातून सायट्रेट नावाचा पदार्थ बाहेर पडतो आणि त्यापासून पेशी नवी मेदाम्ले तयार करते. दुसऱ्या बाजूने मेदाचे ज्वलन मंदावलेले असते. मेदाची आवक वाढली आणि जावक घटली, तर शिल्लक वाढणारच. ही वाढीव शिल्लक पेशी मेदबिंदूंच्या रूपाने साठवते.

मेदबिंदूचे गोदाम

मेदबिंदू म्हणजे पेशीतील चरबीचा सूक्ष्म थेंब. त्याच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलची संयुगे असतात, भोवती फॉस्फोलिपिडांचा एकपदरी पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर निरनिराळी प्रथिने पहारेकऱ्यांप्रमाणे बसलेली असतात. दीर्घकाळ शास्त्रज्ञ या थेंबाला निर्जीव साठा समजत. आता तो पेशीचा एक कार्यरत अवयव मानला जातो.

मेद अशा रीतीने बांधून ठेवण्याचे मोठे प्रयोजन आहे. सुट्टी मेदाम्ले पेशीला घातक ठरतात. विशेषतः तूप, लोणी, पामतेल यांत आढळणारे पामिटिक आम्ल पेशीत सुटे साचले तर पेशीवर ताण येतो आणि दाहाचे संदेश सुरू होतात, असे प्रयोगशाळेत दिसून येते. तीच आम्ले ट्रायग्लिसराइडच्या रूपात गोदामात बंद केली की त्यांचा उपद्रव थांबतो. या बंदिस्तीचे काम डीजीएटी या नावाचे विकर करतात, आणि गरजेच्या वेळी कुलूप उघडून मेदाम्ले बाहेर काढण्याचे काम एटीजीएल नावाचे विकर करते.

पण या गोदामात केवळ इंधनच नसते. ॲराकिडोनिक आम्ल हे विशिष्ट मेदाम्लही तेथे साठलेले असते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची दाहकारक द्रव्ये बनतात. ताप, ठणका आणि सूज यांमागे या द्रव्यांचा मोठा हात असतो. ॲस्पिरिनची गोळी नेमके काय करते, याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली केला. प्रोस्टाग्लँडिन बनविण्याची क्रिया ती गोळी रोखते. व्हेन, स्यून बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन या तिघांना १९८२ साली याच क्षेत्रातील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक देण्यात आले. तात्पर्य, ज्या कोठारात धान्य त्याच कोठारात थोडी दारूही ठेवलेली असते.

गोदाम तारक की मारक?

हा प्रश्न आम्ही आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांना विचारला तेव्हा त्यांनी एका शब्दात उत्तर देण्याचे नाकारले, आणि ते का, हे पुढील संशोधनावरून कळून येईल.

२०१० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अशा उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या महाभक्षी पेशींत डीजीएटी-१ हे विकर मुद्दाम वाढविलेले होते. या पेशी अधिक मेद साठवीत. पण मेदयुक्त आहार देऊनही त्या कमी खवळत आणि त्या उंदरांत इन्सुलिनचा प्रभावही अधिक टिकून राहिला. येथे गोदाम तारक ठरले. उलट २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जंतूंच्या घटकांनी चेतविलेल्या उंदरांच्या महाभक्षी पेशींत हेच विकर रोखण्यात आले. तेव्हा मेदबिंदू घटले, प्रोस्टाग्लँडिन घटले, इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-६ ही दाहकारक संदेशद्रव्येही घटली, आणि त्याचबरोबर पेशींची भक्षण करण्याची क्षमताही कमी झाली. येथे गोदाम हे दाहाची रसद ठरले. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधाने दाखविले की, जंतूंची सूचना मिळताच यकृतातील पेशींच्या मेदबिंदूंवर जंतुनाशक प्रथिने गोळा होतात आणि हे बिंदू तंतुकणिकांपासून दूर सरून जंतूंकडे वळतात.

वरवर पाहता हे निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, परंतु तसे ते नाहीत. पहिल्या उदाहरणात अतिरिक्त आहाराने आलेला मेद होता. तो बंदिस्त करणे हिताचे होते. दुसऱ्यात व तिसऱ्यात जंतूंशी लढण्याची वेळ होती. तेव्हा साठा खर्ची पडणे हेच त्याचे काम होते. सावधगिरी म्हणून हेही सांगितले पाहिजे की हे प्रयोग बहुतांशी उंदरांवर आणि काचपात्रातील पेशींवर झालेले आहेत. माणसाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मात्र साठा असणे हा दोष नसून आवक, जावक आणि प्रसंग यांचा मेळ बिघडणे हा दोष होय, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. ताळेबंद वाचणाऱ्याला हे तत्त्व नवे नाही.

रोहिणीच्या भिंतीतील फेसाळ पेशी

मेळ बिघडला म्हणजे काय होते याचे सर्वांत परिचित उदाहरण हृदयविकाराचे. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण प्रमाणाबाहेर वाढले की ते रोहिणीच्या आतल्या अस्तरात शिरतात आणि तेथे त्यांच्यात रासायनिक बदल होतात. महाभक्षी पेशी हा कचरा समजून गिळू लागतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या १९८५ च्या नोबेल मानकऱ्यांनी येथील मर्म दाखवून दिले. सर्वसाधारण पेशीला कोलेस्टेरॉल पुरेसे मिळाले की ती आपले दार लावून घेते. पण बिघडलेले एलडीएल ज्या दाराने महाभक्षी पेशीत शिरते ते दार पोट भरल्यावरही बंद होत नाही. परिणामी पेशी मेदबिंदूंनी इतकी गच्च भरते की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारखी दिसते. म्हणूनच तिला फेसाळ पेशी म्हणतात.

मेदाम्ले जाळता येतात; कोलेस्टेरॉल मात्र या पेशीला जाळून संपविता येत नाही, ते बाहेर पाठवावे लागते. ते काम एचडीएलच्या साहाय्याने होते. जावक अपुरी पडली की कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात. हे स्फटिक पेशीतील धोक्याची घंटा वाजवितात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर सुटते, हे २०१० साली प्रकाशित झाले. या क्रियेचा आरंभ म्हातारपणी होतो असेही नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी २२ वर्षे वयाच्या त्या तरुणांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा आढळल्या होत्या.

पोटाच्या चरबीतील धुमसती आग

दुसरे उदाहरण पोटाच्या घेराचे. चरबी म्हणजे केवळ साठा, ही समजूत १९९३ साली हलली. लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य तयार होते आणि त्यामुळे इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येतो, असे त्या वर्षी गोखान होटामिस्लिगिल, नरिंदर शारगिल व ब्रूस स्पीगेलमन यांनी दाखविले. २००३ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांना आढळले की लठ्ठपणात या चरबीमध्ये महाभक्षी पेशींची मोठीच गर्दी होते. सडपातळ प्राण्याच्या चरबीत दर शंभर पेशींमागे दहाहून कमी असणाऱ्या या पेशी अतिलठ्ठ उंदरांत निम्म्याच्या आसपास पोहोचतात. चरबीच्या पेशी फुगून फुटतात, मरतात. त्यांच्याभोवती महाभक्षी पेशींचे कडे पडते आणि सांडलेला मेद गिळता गिळता त्याही खवळतात. हा दाह ठणकत नाही, लाल होत नाही, ताप आणत नाही. शेणीच्या राखेखालील निखाऱ्याप्रमाणे तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि त्यातून मधुमेहाची वाट तयार होते.

मधुमेह जडला की तोच फेरा जखमेपर्यंत येतो. निरोगी शरीरात महाभक्षी पेशी काही दिवसांत आगीचे काम सोडून दुरुस्तीच्या कामाला लागतात. मधुमेहीच्या जखमेत हा बदल वेळेवर होत नाही. पेशी दाहाच्या अवस्थेतच अडकून पडतात, त्यात रक्तपुरवठा अपुरा आणि पायाची संवेदना मंद. आमच्या हिशेबनिसांच्या अंगठ्याचे काय झाले, ते येथे आम्हाला उमगले.

क्षयाचा जंतू आणि आपले घर

तिसरे उदाहरण आपल्या देशाला विशेष निकटचे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. हा जंतू महाभक्षी पेशीने गिळल्यावरही तिच्यात तग धरून राहतो. क्षयाच्या गाठींत मेदाने भरलेल्या फेसाळ पेशी आढळतात आणि गाठीच्या मध्यभागी साचणारा पनीरासारखा पदार्थही मेदाने समृद्ध असतो. जंतूच स्वतःच्या अन्नासाठी पेशीला मेद साठविण्यास भाग पाडतो, असे पूर्वी मानले जात असे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळी बाजू पुढे आणली. उंदरांच्या पेशींत ही साठवण जंतूच्या नव्हे, तर पेशीच्या स्वतःच्या संरक्षणकार्याचा भाग म्हणून होते आणि त्या साठ्यातून प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये बनतात, असे त्यात दिसून आले. कुष्ठरोगातील अशाच फेसाळ पेशींचे वर्णन जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते.

जगातील सुमारे एक-चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. मधुमेह असणाऱ्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या मानाने सुमारे तिप्पट असतो. एकच पेशी एका बाजूने साखरेने आणि मेदाने बेजार, तर दुसऱ्या बाजूने तिला जंतूशी लढावयाचे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेह आणि क्षय हे दोन रोग एकाच माणसाच्या केसपेपरवर का दिसतात, याचे हे एक कारण होय.

पुण्याहून मिळालेला धडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बारीक माणसाला हे का व्हावे? याचे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन वैद्यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना समान म्हणत होता, शरीर नव्हे.

पुण्याजवळच्या खेड्यांतून १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासाने हीच गोष्ट जन्मापर्यंत मागे नेली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. बाळ लहान, स्नायू कमी. पण पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईचे पोषण, गर्भातील वाढ आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांचा धागा असा एकमेकांत गुंतलेला आहे. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी दुष्काळ आणि उपासमार सोसली त्यांच्या घरी आज वडापाव, बिस्किटे आणि बैठे काम आले आहे. त्वचेखालचे गोदाम लहान असेल तर वाढीव मेद पोटात, यकृतात आणि स्नायूंत जाऊन पडतो. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून कौतुकाने पाहण्याचे नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असणाऱ्यांचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले.

मग दाह विझवणारे औषध का घेऊ नये?

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर २०१७ साली एका मोठ्या चाचणीने दिले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर झालेल्या या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा निष्प्रभ करणारे कॅनाकिन्युमॅब हे औषध वापरले गेले. कोलेस्टेरॉल मुळीच न घटता, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. दाह हा स्वतःच एक कारण आहे, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यूही औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. शिपायाचे हत्यार काढून घेतले की घरफोडीही वाढते. संधिवातावर जुन्या काळापासून वापरात असलेल्या कोल्चिसिनच्या अल्प मात्रेनेही हृदयरुग्णांना लाभ होतो, असे २०२० मधील ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत दिसले. तथापि तेही वैद्यांच्या देखरेखीखालीच घेण्याचे औषध आहे. आपल्या मनाने वेदनाशामक वा स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आणि साखर भडकलेली आमच्या वॉर्डात नित्य पाहावयास मिळते.

म्हणून शिपायाला दुबळा न करता त्याच्यावरील ओझे कमी करणे, हाच सामान्य माणसाच्या हातातील उपाय ठरतो. वाचकांनी पुढील गोष्टी कृपया मनावर घ्याव्यात.

१) कमरेचा घेर मोजावा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आडवी धरावी. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा समजावी. वजन योग्य असले तरी हे माप चुकवू नये.

२) तिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला मधुमेह असल्यास, उपाशीपोटी रक्तातील साखर तपासून घ्यावी. १२६ किंवा त्याहून अधिक असल्यास अथवा एचबीए१सी ६.५ वा त्याहून अधिक असल्यास डॉक्टरांना तात्काळ भेटावे.

३) आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. काम करणारा स्नायू मेद आणि साखर दोन्ही जाळतो, आणि त्यामुळे पोटातील चरबी घटते.

४) तळणाचे तेल पुनःपुन्हा वापरू नये. कारखान्यात बनणाऱ्या ट्रान्स मेदावर शासनाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरच्या कढईवर मर्यादा आपणच घालावयाची आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी आणि पालेभाज्या यांना ताटात पुन्हा मानाचे स्थान द्यावे.

५) तंबाखू, मिश्री आणि विडी-सिगारेट सोडावी. यांवर दुसरा तोडगा नाही.

६) मधुमेहींनी रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत. अनवाणी चालू नये. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, या दोन्हींकडे दुर्लक्ष करू नये.

७) मुलींच्या व गर्भवतींच्या आहाराकडे घरातील वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे. पुढच्या पिढीचे गोदाम तेथेच बांधले जाते.

समारोप

आमचे हिशेबनीस दीड महिन्यानंतर कामावर रुजू झाले. पायात आता मऊ तळव्याचे खास बूट असतात. परत आल्यावर त्यांनी सर्वप्रथम काय केले, तर कॅशबुकाच्या शेजारच्या खणात शिंप्याची एक टेप आणून ठेवली. कर्मचाऱ्यांपैकी कोणी पगाराच्या सहीसाठी आला की आधी कंबर मोजून घ्यावयाची, मग सही. आरंभी लोक हसले, आता स्वतःहून उभे राहतात. विश्वस्त मंडळानेही त्यापुढचे पाऊल उचलले आहे. शिपायापासून प्रशासकापर्यंत प्रत्येक कर्मचाऱ्याची वार्षिक रक्ततपासणी आता विनामूल्य होते, आणि केसपेपरच्या खिडकीपाशीही अशीच एक टेप बांधून ठेवली आहे. हा खर्च आम्ही जमाखर्चाच्या पत्रकात खर्चाच्या बाजूस दाखविला आहे. नियमाप्रमाणे तो तेथेच दाखवावा लागतो. आमच्या मनाने विचाराल तर तो मालमत्तेच्या बाजूस असावयास हवा होता.

देणगीदार, हितचिंतक आणि वाचक यांना आमची नम्र विनंती एवढीच की, पुढच्या वेळी रुग्णालयात कोणत्याही कारणाने येणे झाले तर त्या खिडकीपाशी क्षणभर थांबावे आणि टेपने आपली कंबर मोजून घ्यावी. आपण बारीक असाल, तर अवश्य थांबावे.